ए मायनर, १३० ठोके आणि मोकळं माळरान

सर्जिओ लिओने यांच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) या काउबॉयपटाचं संगीत एन्निओ मोरिकोनेंनी चित्रीकरणाच्या आधीच लिहून दिलं होतं. सेटवर ते वाजवलं जाई आणि नटमंडळी त्या लयीत चालत, वळत, थांबत. नायिका रेल्वे स्टेशनातून बाहेर पडते, क्रेनवरचा कॅमेरा हळूहळू छपराच्या वर चढतो, पलीकडे नव्याने वसणारं गाव दिसतं आणि नेमका तेव्हाच वाद्यवृंद फुलून येतो. चित्र आणि सूर यांची इतकी घट्ट गाठ बसली, कारण दोन्हींची लांबी आधीच ठरलेली होती.

आता हेच माळरान, हाच घोडा आणि हीच बंदूक व्हिडिओ गेममध्ये आणा. स्टेशनातून बाहेर पडायचं की नाही हे इथे खेळणारा ठरवतो. तो फलाटावरच रेंगाळेल, परत आत जाईल, तिथल्या माणसाला उगाच धक्का मारून भांडण काढेल, किंवा गोष्ट अर्ध्यावर सोडून डोंगरात सशांच्या मागे लागेल. संगीतकाराने सूर चढवायचा कुठे?

'ओपन वर्ल्ड' म्हणजे मोकळ्या जगाच्या सगळ्याच गेमना हा प्रश्न पडतो. पण काउबॉयच्या जगात तो जास्त बोचतो, कारण वेस्टर्न हा प्रकारच आपण निम्मा कानाने ओळखतो. शीळ, मोरचंग, गिटारची एक थरथरती तार कानावर आली की वाळवंट दिसायला लागतं. ही ओळख तर टिकली पाहिजे, आणि ती किती वेळ टिकवायची हे मात्र कुणालाच माहीत नाही. या पेचाचं एक फार हुशार उत्तर 'रेड डेड रिडेम्प्शन' या २०१० च्या गेममध्ये सापडतं.

रॉकस्टार सॅन डिएगो या स्टुडिओने केलेला हा गेम १९११ सालात घडतो. जॉन मार्स्टन हा जुना दरोडेखोर. सरकारी माणसं त्याच्या बायको-मुलाला अडकवून ठेवतात आणि जुन्या साथीदारांना शोधून संपवण्याचं काम त्याच्या गळ्यात घालतात. याच मालिकेतल्या २००४ च्या आधीच्या गेममध्ये जुन्या इटालियन वेस्टर्न चित्रपटांतलं संगीत घेऊन वापरलं होतं. या वेळी बिल एल्म आणि वुडी जॅक्सन या दोघांनी सगळं नव्याने रचलं, आणि स्वतःवर एक चमत्कारिक बंधन घालून घेतलं: बहुतेक सगळं संगीत एकाच स्वरपट्टीत, ए मायनरमध्ये, आणि एकाच गतीत, मिनिटाला १३० ठोके.

असं का, ते समजायला आधी ध्वनिमुद्रण कसं झालं ते पाहू. तयार 'गाणी' इथे नाहीतच. बेस वेगळा, ढोल वेगळे, गिटार वेगळी, ट्रम्पेट वेगळा, असे सुटे थर ध्वनिमुद्रित केलेले आहेत. या थरांना ध्वनितंत्रज्ञ 'स्टेम' म्हणतात. खेळणारा नुसता फिरत असेल तेव्हा एखादाच थर, तोही अगदी हलका. दूरवर कुणी पाठलागाला लागलं की बेस शिरतो. गोळी सुटली की ढोल. शत्रू वाढले की वरून ट्रम्पेट. सगळे थर एकाच पट्टीत आणि एकाच गतीत असल्यामुळे कुठलाही थर कुठल्याही थरावर ठेवला तरी बसतो.

पट्टी वेगळी असती तर काय झालं असतं? ए हा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा. त्याच्या लगतचा वरचा सूर सुमारे ४६६ कंपनांचा. एका तुकड्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकमेकांवर सरकवताना असे दोन सूर एकत्र वाजले की कानाला खरखर जाणवते, आणि 'इथे काहीतरी जोडलंय' हे संगीत न कळणाऱ्यालाही कळतं. गतीचंही तसंच. १३० च्या गतीत एक ठोका ०.४६ सेकंदाचा आणि चार ठोक्यांचं एक आवर्तन १.८५ सेकंदांचं. म्हणजे खेळणाऱ्याने बंदूक कधीही उपसली तरी पुढचं आवर्तन सुरू व्हायला दोन सेकंदही लागत नाहीत. संगीत तेवढं थांबू शकतं. मैफलीत तिहाई घेऊन समेवर यावं, तसा नवा थर आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर उतरतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हे असंच ठरलेलं होतं.

१३० या आकड्यात आणखी एक सोय दडलेली आहे. त्याची निम्मी गती होते ६५. एकाआड एक ठोक्यावरच जोर दिला की तेच संगीत संथ, रमतगमत चालल्यासारखं वाटतं. प्रत्येक ठोका वाजवला की घोडा दौडायला लागतो. घड्याळ तेच, फक्त चाल दुप्पट. गती खरोखर बदलावी लागली असती तर सगळे थर विस्कटले असते.

कुठला थर कधी हे ठरवायला कुणी वाजवणारा बसलेला नसतो, गेमचा प्रोग्रॅमच ते ठरवतो. शत्रू किती जवळ आहेत, त्यांनी तुम्हाला पाहिलंय का, तुम्ही कुठल्या भागात आहात, अशा गोष्टींवर त्याची सतत नजर असते आणि त्यातून तो धोक्याचा अंदाज बांधतो. अशा रचनेत एक बारीक काळजी घ्यावी लागते: चढायची पायरी आणि उतरायची पायरी एकच ठेवून चालत नाही. शत्रू एका खडकाआड गेला म्हणून लगेच ढोल बंद, बाहेर डोकावला की पुन्हा सुरू, असं झालं तर संगीताचा लाइटचा स्विच होऊन बसेल. म्हणून तणाव झटकन चढवतात आणि उतरवताना थोडं रेंगाळू देतात. आपल्या छातीतली धडधडही धोका टळल्यावर काही वेळ चालूच राहते, त्यामुळे हे रेंगाळणं कानाला खोटं वाटत नाही.

ही कल्पना काही २०१० मध्ये आकाशातून पडली नाही. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये खाली उतरणारे चार सूर फिरून फिरून वाजत आणि परग्रहवासी कमी होत गेले की त्या सुरांचा वेग वाढत जाई. खेळणाऱ्याच्या पोटात गोळा आणायला तेवढं पुरे होतं. मग १९९१ मध्ये 'मंकी आयलंड २' या साहसी गेमसाठी मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूज नावाची यंत्रणा बांधली. एका खोलीतून दुसरीत गेलं की तीच धून न तुटता नवं वाद्य धारण करायची. ते सगळं संगीत स्वरलिपीसारख्या सूचनांच्या रूपात असे आणि संगणक ते तिथल्या तिथे वाजवी, म्हणून हे जमत होतं. पुढे सीडी आली, खऱ्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण वापरता येऊ लागलं, आणि गंमत म्हणजे लवचीकता मागे गेली. आवाज सुंदर झाला पण गोठला. सुट्या थरांचं तंत्र म्हणजे तो गोठलेला आवाज पुन्हा सैल करण्याची युक्ती.

या युक्तीची किंमतही आहे, आणि ती बरीच मोठी आहे असं माझं मत. पाश्चात्त्य संगीतात गोष्ट सांगण्याचं मुख्य साधन म्हणजे स्वरसंगतींचा प्रवास. घर सोडायचं, दूरच्या पट्टीत भटकायचं, ताण वाढवायचा आणि शेवटी घरी परतायचं. कुठलाही थर कुठेही बसायला हवा असेल तर हा प्रवास जवळजवळ सोडून द्यावा लागतो. सगळे तास ए मायनरच्या एकाच अंगणात. संगीतकाराच्या हातात उरतं काय? आवाजाचा पोत, दाटपणा, आणि शांतता.

वेस्टर्न हा प्रकार इथेच कामी आला. मोरिकोनेंनी साठच्या दशकात लिओनेंसाठी जे केलं त्याची ओळख मुळात पोतातच होती. पैसे कमी, मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता, म्हणून आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनी यांची शीळ, चाबकाचा फटका, ऐरणीचा ठणका, घंटा, इलेक्ट्रिक गिटार अशा गोष्टी त्यांनी पुढे आणल्या. त्या संगीतात दोन सेकंदांची शीळसुद्धा स्वतःचा पत्ता सांगते. बीथोवेनच्या सिंफनीचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे करून पसरले तर हाती फारसं लागणार नाही. वेस्टर्नचे तुकडे मात्र तुकडे असूनही बोलतात. तुटक, अनिश्चित लांबीच्या माध्यमासाठी यापेक्षा सोयीचा वारसा क्वचितच कुठल्या चित्रप्रकाराने मागे ठेवला असेल. एल्म आणि जॅक्सन यांनीही मोरचंग, माउथ ऑर्गन, ॲकॉर्डियन, नायलॉनच्या तारांची गिटार, ओकारिना (फुंकून वाजवायचं एक छोटं वाद्य) अशी वाद्यं जमवली.

संगीताने गोष्ट बदलते म्हणजे नेमकं काय होतं? १९४४ मध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी मूकफीत केली होती. पडद्यावर एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकट. आकृत्या नुसत्या हलतात, पण पाहणाऱ्यांना त्यात दांडगाई, पाठलाग, सुटका दिसली. १९८८ मध्ये सँड्रा मार्शल आणि ॲनाबेल कोहेन यांनी अशाच फितीला वेगवेगळं संगीत जोडून पाहिलं. संगीत बदललं तसं त्या त्रिकोण-वर्तुळांबद्दलचं लोकांचं मत बदललं. कोण किती चळवळं आहे याचे अंदाज हलले. संगीत आणि हालचाल जिथे जुळतात तिकडे लक्ष ओढलं जातं आणि संगीताचा भाव त्या आकृतीला चिकटतो, असं कोहेन यांचं स्पष्टीकरण. बिनचेहऱ्याच्या त्रिकोणाची ही गत, तर घोड्यावर पाठमोऱ्या बसलेल्या मार्स्टनची काय सांगावी! गेममध्ये बहुतेक वेळ आपल्याला त्याची पाठच दिसते. त्या पाठीला चेहरा संगीत देतं.

आणि मग येतो तो प्रसंग, ज्याची आठवण खेळणारे अजून काढतात. कित्येक तास अमेरिकेच्या बाजूला भटकल्यावर मार्स्टन तराफ्यावरून नदी ओलांडतो, गोळीबारातून वाचतो आणि मेक्सिकोच्या भूमीवर घोड्यावर मांड टाकतो. तोवर मोकळ्या रानात त्याच्या सोबतीला बिनशब्दांचं, अर्धंमुर्धं, थरांचं संगीतच असतं. इथे एकदम माणसाचा आवाज येतो. होसे गोन्झालेस या स्वीडिश गायकाचं 'फार अवे'. हे महाशय गोथेनबर्गला जीवरसायनशास्त्रात पीएचडी करत होते आणि गाण्यापायी ती सोडून दिली. विज्ञानाचं नुकसान झालं असेल, वाळवंटाचा फायदा झाला.

हे गाणं परिस्थितीप्रमाणे थर बदलत नाही. एवढी सगळी यंत्रणा क्षणभर बाजूला ठेवून एक साधं, सलग गाणं लावून दिलं आहे. जागा मात्र विचारपूर्वक निवडलेली आहे: लढाई संपलेली, शेजारी कुणी बोलणारं नाही, समोर परका मुलूख आणि हातात फक्त लगाम. हाताला काम आहे पण ते इतकं सोपं की मन मोकळं राहतं. तास न् तास मेंदूला एका प्रकारच्या आवाजाची सवय लागलेली, त्यामुळे नव्या आवाजाकडे तो झडप घालूनच वळतो. हेच गाणं पहिल्या पंधरा मिनिटांत वाजवलं असतं तर छान पार्श्वसंगीत म्हणून विसरून गेलो असतो. लिओनेंकडे नट संगीताच्या लयीत चालत. इथे खेळणारे आपण होऊन घोडा धिमा करतात, रस्ता धरून चालतात. कुणी सांगितलेलं नसतं. खेळणारा उलट दिशेला उधळू शकतो, आणि नियतीच्या मार्गावर राहायचं त्याने स्वतः ठरवलं असल्यामुळे मार्स्टनचं एकटेपण त्याच्या अंगाला लागतं. चित्रपटाला हा परिणाम साधता येत नाही, कारण प्रेक्षकाला दुसरा रस्ताच नसतो.

२०१८ च्या दुसऱ्या भागात, जो गोष्टीत मागे म्हणजे १८९९ मध्ये जातो, जॅक्सन यांच्या संगीताबरोबर गाण्यांसाठी डॅनियल लान्वा हे निर्माते आले. या भागाचा नायक, दरोडेखोर आर्थर मॉर्गन, उद्ध्वस्त मनाने एका बेटावरून परततो तेव्हा डी'अँजेलो यांचं 'अनशेकन' वाजतं; पुन्हा एकट्याची घोड्यावरची वाट. शेवटाकडच्या एका अशाच प्रवासात गाण्यावर जुन्या साथीदारांची वाक्यं घुमतात, आणि ती कुठली हे तुम्ही आर्थरला तोवर भला ठेवलाय की बुरा यावर ठरतं. म्हणजे गाणं सलगच, पण त्याच्या पोटात पुन्हा खेळणाऱ्याचा हिशोब शिरला. मला हा टप्पा पहिल्या भागापेक्षा तंत्राने पुढचा वाटतो, परिणामाने नाही. गाणी वाढली की प्रत्येकाचा धक्का थोडा कमी होतो.

या भागात मला जास्त आवडतात ती आर्थरच्या टोळीच्या तळावरची गाणी. रात्री शेकोटीभोवती टोळीतला हाविएर गिटार घेतो, कुणी बँजो छेडतो, दारू चढलेले लोक बेसूर साथ देतात. हे संगीत आर्थरलाही ऐकू येतं. तो शेजारी बसू शकतो किंवा झोपायला निघून जाऊ शकतो. गोष्ट पुढे सरकते तशी टोळीतली माणसं मरतात, फुटतात, एकमेकांवर संशय घेतात, आणि शेकोटीभोवतीच्या रात्री उदास होत जातात. त्यासाठी एकही व्हायोलिन वाजवावं लागत नाही.

पहिल्या भागाच्या संगीताचा अल्बम २०१० मध्येच निघाला. अल्बमला सुरुवात आणि शेवट लागतो, म्हणून सुटे थर सांधून त्यांना ठरावीक लांबीच्या रचनांचं रूप द्यावं लागलं. ऐकायला तो उत्तम आहे. फक्त त्यातला ट्रम्पेट दर वेळी त्याच जागी येतो.