‘भेटून काय उपयोग?’ असं म्हणू नका

“त्यांना आता कुणी ओळखूच येत नाही, मग भेटून काय उपयोग?” घरात अल्झायमर असला की हे हमखास ऐकावं लागतं. पण ते खरं नाही. या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, लवकर झिजतो, म्हणून ताज्या घटना पुसल्या जातात. भावना मात्र रेंगाळते. २०१४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णांना आनंदी आणि दुःखी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते थोड्याच वेळात बहुतेक विसरलं गेलं, मनावरचा परिणाम टिकला. (दुखावणारा शब्दही असाच टिकतो, म्हणून जपून बोला.) माझ्या आईला माझं नाव आठवत नाही. पण हात हातात घेतला की ती अंगठ्याने माझं मनगट कुरवाळत राहते.