ब्लेनावॉन लोखंड कारखाना

दक्षिण वेल्समधील झोतभट्ट्यांचा ऐतिहासिक कारखाना. ‘ब्लेनावॉन’ या वेल्श नावाचा अर्थ नदीचे मूळ. टॉमस हिल, टॉमस हॉपकिन्स आणि बेंजामिन प्रॅट या भागीदारांनी इथली डोंगराळ जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि १७८९ मध्ये तीन भट्ट्या पेटवल्या. लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी तिन्ही एकाच डोंगरात होती.

भट्ट्या डोंगराच्या कड्याला पाठ लावून बांधल्या होत्या. वरच्या सपाटीवरून खनिज, कोक (भाजून शुद्ध केलेला दगडी कोळसा) आणि चुनखडी सरळ तोंडात ओतायची. खाली वितळलेला रस वाळूच्या साच्यांत सोडायचा. हवेचा झोत वाफेच्या इंजिनावर चाले, त्यामुळे भट्टी नदीच्या प्रवाहावर अवलंबून नव्हती. तयार माल वरच्या रुळांपर्यंत चढवायला १८३९ मध्ये पाण्याचा तोल वापरणारा दगडी मनोरा उभा राहिला. एका पाळण्यातल्या टाकीत पाणी सोडले की तो खाली येई आणि दुसरा पाळणा भरल्या वाघिणीसह वर जाई. तिथून घोड्यांच्या वाघिणी पुल-डी (Pwll Du) बोगद्यातून डोंगरापलीकडे कालव्याच्या धक्क्याकडे निघत. एवढी साधी आणि हुशार रचना क्वचितच पाहायला मिळते.

कारखान्याला खरी कीर्ती मिळाली ती उतरणीच्या काळात. खनिजातला फॉस्फरस पोलादाला ठिसूळ करतो आणि बेसेमरच्या, म्हणजे वितळलेल्या लोखंडात हवा फुंकून पोलाद करायच्या, भट्टीत तो निघत नसे. लंडनच्या पोलीस न्यायालयातला कारकून सिडनी गिलख्रिस्ट टॉमस आणि इथला रसायनज्ञ, त्याचा नात्यातला भाऊ पर्सी गिलख्रिस्ट, यांनी इथे प्रयोग केले. भट्टीच्या आतल्या बाजूला चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाचे अस्तर दिले की फॉस्फरस मळीत, म्हणजे धातूवर तरंगणाऱ्या वितळलेल्या गाळात, उतरतो, हे त्यांनी १८७८ च्या सुमारास दाखवून दिले. मात्र याचा सर्वांत मोठा फायदा झाला जर्मनी आणि लॉरेन (फ्रान्स-जर्मनी सीमेवरचा प्रदेश) इथल्या फॉस्फरसयुक्त खनिजसाठ्यांना आणि अमेरिकेला. ब्लेनावॉनला स्वतःच्याच शोधाची स्पर्धा सोसावी लागली, ही या गावाची मोठी शोकांतिका आहे. टॉमस १८८५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारला.

स्थानिक खनिज संपत आले, परदेशी खनिज बंदरापासून इथवर चढवणे महाग पडू लागले, आणि पोलादाचे उत्पादन दरीपलीकडच्या फोर्जसाइडला गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या भट्ट्या थंडावल्या. ‘बिग पिट’ ही इथली कोळसाखाण १९८० पर्यंत चालली. आज ती संग्रहालय आहे. २००० साली हा सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. भट्ट्यांचे अवशेष, कामगारांची घरे असलेला ‘स्टॅक स्क्वेअर’ आणि तो मनोरा अजून पाहता येतात.