'पीएस'मधला सीपीयूचा आकडा आत्ताचा नसतो

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांत एक समज पक्का आहे: 'पीएस' आज्ञा चालवली की प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) या क्षणी किती सीपीयू (संगणकाचा प्रोसेसर) खातेय ते कळतं.

कळत नाही. 'पीएस' प्रोसेसने आजवर वापरलेल्या सीपीयू-वेळेला ती सुरू झाल्यापासूनच्या एकूण वेळेने भागतं. म्हणजे सरासरी. समजा डेटाबेस दहा तास निवांत होता आणि गेली सहा मिनिटं एक अख्खा कोअर (सीपीयूतला एक स्वतंत्र प्रोसेसर) पिऊन बसलाय. 'पीएस' दाखवणार साधारण १ टक्का! बिलं अडकलेली, मालक डोक्यावर उभा, आणि पडद्यावर सगळं आलबेल. उलटही होतं: सकाळी दमलेली प्रोसेस दुपारी झोपली तरी आकडा बराच वेळ फुगलेला राहतो. 'वॉच' लावून तोच 'पीएस' दर दोन सेकंदांनी चालवला, तरी सरासरी ती सरासरीच.

मोजक्याच प्रोसेसचा आत्ताचा वापर बघायचा तर 'पीग्रेप' या आज्ञेने नावावरून त्यांचे पीआयडी (प्रोसेसचे क्रमांक) काढा आणि 'टॉप' या दुसऱ्या आज्ञेला 'मायनस पी' (स्मॉल पी) जोडून ते स्वल्पविरामाने द्या. एका वेळी २० चालतात. 'टॉप' पडदा मागच्या वेळी ताजा झाल्यापासूनचा वापर मोजतं. प्रोसेस रिस्टार्ट झाली की पीआयडी बदलतो, मग यादी नव्याने द्यावी लागते. हे मात्र वैतागवाणं आहे.

आणि 'टॉप'मध्ये ३०० टक्के दिसले तर दचकू नका. १०० म्हणजे एक कोअर. कॅपिटल आय दाबलं की तोच आकडा एकूण कोअरांनी भागून येतो.