केरळचे ७०० कोटी आणि मदत नाकारण्याची परंपरा

किल्लारीच्या वेळी परदेशी मदत घ्यावी की नाही, हा प्रश्नच नव्हता. १९९३च्या भूकंपानंतर बाहेरून मदत आली, पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून ५२ गावे नव्या जागी वसली. २००१ला भूज हादरले तेव्हा पाकिस्ताननेही तंबू आणि ब्लँकेटे विमानाने अहमदाबादला पाठवली. तीही घेतली. जुलै २००४च्या बिहारमधील पुरापर्यंत हे असेच चालले.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि दिल्लीने पवित्रा बदलला. आम्ही आमचे निभावून नेऊ, गरज पडली तर मदत घेऊ, असे सांगण्यात आले. एकीकडे तमिळनाडू आणि अंदमान-निकोबारमध्ये मृतदेह शोधणे सुरू असताना नौदलाची जहाजे श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडे मदत घेऊन निघाली होती. सुरक्षा परिषदेत कायम जागा मागणाऱ्या देशाला आता देणाऱ्यांच्या पंगतीत बसायचे होते. त्यात गैर काही नाही. पण ‘गरज पडली तर’ हा उत्तरार्ध नंतर कुणाच्या लक्षात राहिला नाही. २०१३ला उत्तराखंडसाठी आलेले प्रस्ताव आभार मानून परत पाठवले गेले. त्सुनामीनंतरच्या पुनर्बांधणीला जागतिक बँकेचे कर्ज मात्र चालले. फेडायचे पैसे घ्यायचे आणि न फेडायचे नाकारायचे, हा हिशेब आपत्तीग्रस्त राज्याला पटवणे अवघडच.

ऑगस्ट २०१८मध्ये महापुरात बुडालेल्या केरळने तो हिशेब जाहीरपणे विचारला. दहा लाखांहून अधिक लोक छावण्यांत होते. २१ ऑगस्टला मुख्यमंत्र्यांनी सांगितले की संयुक्त अरब अमिरात ७०० कोटी देणार आहे. ही माहिती त्यांना एका मल्याळी उद्योजकाकडून मिळाली होती; तो अमिरातीच्या राज्यकर्त्यांना ईदच्या शुभेच्छा द्यायला गेला होता. केंद्राचा अंतरिम निधी तेव्हा ६०० कोटी होता, त्यामुळे तुलना व्हायचीच. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र खात्याचे निवेदन आले: प्रचलित धोरणानुसार मदतकार्य देशांतर्गत प्रयत्नांतूनच होईल, अनिवासी भारतीय, भारतीय वंशाचे लोक आणि परदेशी प्रतिष्ठाने यांच्या देणग्यांचे मात्र स्वागत आहे. थायलंडच्या राजदूताने तर भारत सरकार परदेशी देणग्या घेत नसल्याचे आपल्याला अनौपचारिकरीत्या कळवल्याचे ट्वीटच केले. दोन-तीन दिवसांत अमिरातीच्या राजदूताने खुलासा केला की नेमकी रक्कम अजून ठरलेलीच नाही. झाले, सगळा वाद ‘७०० कोटी खरे की खोटे’ यावर घसरला. केंद्राला ते सोयीचेच होते.

खरा मुद्दा वेगळा होता. ज्या ‘प्रचलित धोरणा’चा दाखला दिला गेला, ते कुठे लिहिले होते? २०१६च्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात म्हटले आहे की भारत परदेशाकडे मदतीचे आवाहन करत नाही; पण दुसऱ्या देशाच्या सरकारने आपणहून, सद्भावनेने देऊ केलेली मदत केंद्र स्वीकारू शकते. केरळने याच कलमावर बोट ठेवले. ‘स्वीकारू शकते’ म्हणजे स्वीकारलीच पाहिजे असे नाही, हा केंद्राचा बचाव कायद्याच्या भाषेत बिनचूक आहे. पण मग नकार हा त्या दिवशी घेतलेला निर्णय ठरतो आणि त्याची कारणे त्या दिवशीच द्यायला हवी होती. चौदा वर्षांच्या वहिवाटीआड लपायचे कारण नव्हते. अमिरातीत लाखो मल्याळी राबतात. तिथून आलेला हात केरळला परका वाटला नाही, यात नवल ते काय? ऑक्टोबरमध्ये निधी गोळा करायला राज्याचे मंत्री परदेशी निघाले, तेव्हा परवानगी एकट्या मुख्यमंत्र्यांना मिळाली. पुढच्या वर्षी केरळने जागतिक बँकेचे कर्ज घेतले.

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये प्राणवायूअभावी माणसे दगावू लागली, तेव्हा ही वहिवाट आठवडाभरही टिकली नाही. चाळीसहून अधिक देशांकडून कॉन्सन्ट्रेटर, सिलिंडर, औषधे आली. आम्ही आवाहन केलेले नाही, एवढेच काय ते सांगण्यात आले. म्हणजे २०१८ला अडगळीत टाकलेले कलमच कामी आले.

२०२५मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला परदेशी देणग्या घेण्याची परवानगी मिळाली. एखाद्या राज्याच्या अशा निधीला ती पहिल्यांदाच मिळाली. महाराष्ट्रात आणि केंद्रात तेव्हा एकाच आघाडीचे सरकार होते, हे केरळमधून लगेच ऐकवले गेले.