प्रश्नोत्तरी, सूचीकरण साधनाची

सोर्स कोडची (प्रोग्रामच्या मूळ मजकुराची) सूची करून देणाऱ्या मुक्तस्रोत साधनाबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे एकत्र ठेवलेला दस्तऐवज. बोलताना सगळे ‘एफएक्यू’च म्हणतात. ती लिहिणे सोपे असते, ताजी ठेवणे अवघड. या नोंदीचा विषय ते दुसरे काम आहे.

या साधनांतले सर्वांत जुने व परिचित म्हणजे सीटॅग्ज. केन अर्नोल्ड यांनी ते बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी युनिक्स या संगणक प्रणालीसाठी लिहिले. बेल लॅब्जमध्ये जन्मलेले सीस्कोप २००० मध्ये बीएसडी परवान्याखाली खुले झाले. ग्नू ग्लोबल आणि ओपनग्रोक ही नंतरची. ओपनग्रोक तर सीटॅग्जलाच पोटात घेऊन चालते.

सूची म्हणजे काय हे विदर्भातल्या खेड्यात समजावताना पटवाऱ्याचे दप्तर आठवावे. (कागदावर तो बरीच वर्षे तलाठी होता, गावात पटवारीच.) आठ-अ मध्ये खातेदाराचे नाव पाहिले की त्याची जमीन कोणकोणत्या गटात आहे ते कळते, अख्खे शिवार पालथे घालावे लागत नाही. सीटॅग्ज बनवते ती सूची, म्हणजे टॅग्ज फाइलही तशीच. एका ओळीत फंक्शनचे (कोडच्या नाव दिलेल्या तुकड्याचे) नाव, ते ज्या फाइलीत आहे तिचे नाव आणि त्या जागी पोहोचवणारी खूण, मध्ये टॅब. ओळी नावांच्या क्रमाने लावलेल्या असतात, म्हणून लाखभर नावांतूनही हवे ते क्षणात निघते. पण जमीन विकली आणि फेरफार चढला नाही, तर सातबारा जुन्याच मालकाचे नाव सांगत राहतो. कोड बदलला आणि सूची पुन्हा केली नाही, तर टॅग्ज फाइलही तेच करते. आणि साधन बदलले पण प्रश्नोत्तरी बदलली नाही, तर तीही.

याचे ठळक उदाहरण सीटॅग्जच्याच घरातले आहे. डॅरेन हीबर्ट यांच्या एक्झुबरंट सीटॅग्जची ५.८ ही आवृत्ती २००९ मध्ये आली, तीच शेवटची. पुढचे काम युनिव्हर्सल सीटॅग्ज या नावाने चालू राहिले. जुन्या साधनात आपल्या आवडीचे पर्याय होम फोल्डरमधल्या ‘डॉट सीटॅग्ज’ या एका फाइलीत लिहीत. नवे साधन ती फाइल वाचतच नाही. त्याला ‘डॉट सीटॅग्ज डॉट डी’ नावाचा फोल्डर लागतो आणि आतल्या फाइलीचे नाव ‘डॉट सीटॅग्ज’ने संपावे लागते. जुने उत्तर वाचून विद्यार्थी फाइल बनवतो, आज्ञा देतो, कसलीही तक्रार न करता काम होते, फक्त त्याने लिहिलेले पर्याय कुठे लागू झालेले दिसत नाहीत. चूक दाखवणारा संदेश आला असता तर बरे, असे वाटायला लावणारी ही जात. म्हणून प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर ते कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे लिहावे, आणि उत्तर मेले असेल तर निःसंकोच काढावे. नवे प्रश्न घालायला सगळे तयार असतात. जुने काढायला कोणी हात लावत नाही. काढताना त्या प्रश्नाचा अँकर (थेट त्या प्रश्नावर नेणारी पत्त्यातली खूण) तेवढा जपावा, नाहीतर बाहेरून आलेले दुवे तुटतात.

प्रश्नाची भाषा विचारणाऱ्याची असावी. ‘निर्देशांक निर्मितीतील अडचणी’ असे शीर्षक कोणी शोधत नाही. पुसदच्या किंवा शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात खेड्यातून आलेला पोरगा विचारतो, “काऊन सापडत नाई बे हे फंक्शन?” आणि शोधताना पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा टाकतो. व्हिम या कोड लिहायच्या संपादकात तो ‘ई४२६’ (टॅग मिळाला नाही) किंवा ‘ई४३३’ (टॅग्ज फाइलच नाही) असतो. हे आकडे प्रश्नातच हवेत. मॅकवर कॅपिटल आर हा (आतल्या फोल्डरांतही शिरून सूची करणारा) पर्याय नाकारला जातो, कारण सोबत आलेले सीटॅग्ज बीएसडीचे जुने असते. याचे उत्तर दोन ओळींत संपते.

मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरपट्ट्यात, मोबाइलच्या जाळ्याचा भरवसा नाही. सीटॅग्जला इंटरनेट लागत नाही, पण त्याची प्रश्नोत्तरी फक्त संकेतस्थळावर असेल तर हा फायदा अर्धा वाया जातो. ती कोडच्याच भांडारात, साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवावी. युनिव्हर्सल सीटॅग्जचे दस्तऐवज असेच रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मजकुराच्या मांडणीत, कोडसोबत राहतात. यामुळे कोड बदलणाऱ्याला त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारा, या विनंतीत) उत्तरही बदलता येते, आणि तपासणाऱ्याला ‘उत्तर कुठे?’ असे विचारता येते. ‘इथे पाहा’ म्हणून नुसता दुवा देणारे उत्तर ऑफलाइन वाचणाऱ्याच्या काहीच कामाचे नसते.

मराठी प्रश्नोत्तरीत एक प्रश्न हमखास हवा, जो इंग्रजीत कोणाला सुचणार नाही: कोडमधल्या टिप्पणीत लिहिलेला ‘वऱ्हाड’ शब्द शोधूनही का सापडत नाही? उत्तराचे दोन भाग आहेत. पहिला, टॅग्ज फाइलीत व्याख्यांची नावे असतात, टिप्पण्यांतला मजकूर नसतो. त्यासाठी ग्रेप (फाइलींतला मजकूर शोधणारी आज्ञा) किंवा ओपनग्रोकसारखा पूर्ण मजकुराचा शोध हवा. दुसरा भाग वऱ्हाडकरांना थेट लागू होणारा. हा अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि ह, किंवा साधा र, हलन्त, मध्ये न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यूटीएफ-८ या अक्षरे साठवायच्या पद्धतीत मात्र पहिला ‘वऱ्हाड’ १८ बाइटांचा, दुसरा २१ बाइटांचा. युनिकोडचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपे एकसारखी करणे) केले तरी ते एक होत नाहीत, म्हणून ग्रेपला दोन्ही रूपे द्यावी लागतात.