‘ड्रॅगन बॉल’: तोडग्यांतून वाढलेली कथा

‘ड्रॅगन बॉल’ या मांगाबद्दल, म्हणजे जपानी चित्रकथेबद्दल, तिच्याच चाहत्यांच्या ज्या तक्रारी आहेत, त्या आता बहुतेकांना पाठ झाल्या आहेत. मेलेली पात्रे पुन्हा जिवंत होत असल्यामुळे मृत्यूचे भय उरत नाही. प्रत्येक नवा शत्रू आधीच्यापेक्षा कित्येक पटींनी बलवान निघतो, त्यामुळे आधीच्या विजयाची किंमत उतरते. यामचा आणि तेन्शिनहान यांच्यासारखे जुने सोबती हळूहळू बघ्यांत जमा होतात, आणि नायक गोकू पोहोचेपर्यंत मार खात वेळ काढणे एवढेच इतरांचे काम होऊन बसते. या तक्रारी खऱ्या आहेत. मात्र अकिरा तोरियामा यांच्या या कथेचा १९८४ ते १९९५ हा प्रवास क्रमाने पाहिला, तर यांतला जवळजवळ प्रत्येक दोष मुळात दुसऱ्या कुठल्यातरी अडचणीवर काढलेला तोडगा होता आणि त्या वेळी तो चांगलाच लागू पडला होता, असे दिसते.

ही अडचण कोणती, हे समजण्यासाठी ही कथा ज्या नियतकालिकात छापली जात होती त्याची रीत पाहावी लागते. शूएइशा या प्रकाशनसंस्थेने १९६८ मध्ये ‘शोनेन जंप’ सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते साप्ताहिक झाले. अंकासोबत येणाऱ्या पोस्टकार्डावर वाचक आपल्या आवडत्या तीन मालिका कळवत, आणि त्या कौलावर मालिकांचे भवितव्य ठरत असे. खाली घसरलेली मालिका काही आठवड्यांत गुंडाळली जाई, आणि वर चढलेली मालिका लेखकाला संपवावीशी वाटली तरी संपवता येत नसे. अशा व्यवस्थेत लेखकाचे लक्ष या आठवड्याच्या पंधराएक पानांवर असते; दोन वर्षांनंतर कथा कुठे असेल याचा विचार करायला ना सवड असते, ना त्याचे काही बक्षीस असते. तोरियामा यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे की, पुढे काय घडणार हे त्यांना ठाऊक नसे आणि ते काढता काढताच सुचत जाई.

त्यांची आधीची विनोदी मालिका ‘डॉ. स्लम्प’ १९८० ते १९८४ या काळात चालली. ती तुफान लोकप्रिय असतानाच ते थकले होते, आणि लवकरच नवी मालिका द्यायची या अटीवर त्यांना ती थांबवू देण्यात आली. त्यांचे संपादक काझुहिको तोरिशिमा यांना त्यांची कुंगफू चित्रपटांची आवड माहीत होती. त्या आवडीतून आधी ‘ड्रॅगन बॉय’ ही छोटी कथा आणि नंतर ‘ड्रॅगन बॉल’ जन्माला आली. ‘पश्चिमेची यात्रा’ या जुन्या चिनी कादंबरीतला वानरवीर, गोकू नावाचा शेपटीचा मुलगा होऊन, इच्छा पुरवणारे सात गोळे शोधणाऱ्या बुल्मा या मुलीबरोबर प्रवासाला निघतो. गोळे जमले की कथा संपेल, इतकाच आराखडा होता. गोळे जमलेही, आणि पहिली इच्छा ऊलोंग नावाच्या डुकराने बायकांची अंतर्वस्त्रे मागून वाया घालवली. सगळा खेळ असा थट्टेचा होता.

पण वाचकांचा कौल घसरू लागला. नायक फिका आहे, असे तोरिशिमा यांचे निदान होते. भाबड्या, निर्व्याज गोकूला काही हवेच नसल्यामुळे कथेला ओढ नव्हती. तेव्हा त्याला एकच इच्छा देण्यात आली, बलवान होण्याची. बुल्मासह बाकीचे प्रवासी बाजूला सारले गेले, कासवगुरू मुतेन रोशींकडे शिक्षण सुरू झाले, कुरिरिन हा स्पर्धक-मित्र आला आणि तेन्काइची बुदोकाई ही कुस्तीच्या दंगलीसारखी स्पर्धा भरली. मालिका वर चढली ती इथून. सोबत्यांची आणि विशेषतः बुल्माची जी उपेक्षा पुढे सर्वांना खटकली, तिचा आरंभही इथलाच आहे. नायकाला उठाव देण्यासाठी मंच रिकामा करण्याचा हा निर्णय पुन्हा कधी पूर्णपणे उलटवला गेला नाही. लाँच हे पात्र तर आपण चक्क विसरून गेलो, असे तोरियामा यांनी नंतर मोकळेपणाने सांगून टाकले.

या पहिल्या टप्प्याची रचना मला आजही सर्वांत घट्ट वाटते, कारण तिथे गोकू हरतो. पहिल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत शिष्यांना गर्व होऊ नये म्हणून वेश पालटून उतरलेले मुतेन रोशी त्याला हरवतात, दुसऱ्या स्पर्धेत तेन्शिनहान त्याला हरवतो, आणि तिसऱ्या खेपेला पिकोलोविरुद्ध तो जिंकतो तेव्हा त्या जिंकण्यामागे कित्येक वर्षांचा हिशेब असतो. ताकद इथे आकड्यांत मोजली जात नव्हती. कोण कुठल्या युक्तीने कोणाला चकवतो यावर सामना ठरत होता.

मृत्यूचा प्रश्न दुसऱ्या स्पर्धेनंतर आला. १९८७ मध्ये कुरिरिनचा अचानक खून होतो आणि थोरला पिकोलो, म्हणजे तिसऱ्या स्पर्धेतल्या पिकोलोचा बाप, प्रकट होतो. थट्टेच्या कथेला गांभीर्य देण्याचा हा सर्वांत जलद मार्ग होता, आणि त्या प्रकरणांमध्ये तो अंगावर काटा आणतो. पिकोलो इच्छा पुरवणाऱ्या ड्रॅगनलाच ठार करतो, म्हणजे परतीची वाट बंद झाली असे वाचकाला वाटते. पण गोळे ज्याने घडवले तो देवच पुढे कथेत येतो, ड्रॅगन पुन्हा उभा राहतो आणि कुरिरिन परततो. यानंतर लेखकाला दर वेळी नवा अडसर घालून तो पुन्हा काढावा लागला. एकच माणूस दोनदा जिवंत करता येणार नाही असा नियम झाला, तो ओलांडायला नामेक ग्रहाचा तीन इच्छांचा ड्रॅगन आला. स्वतः गोकू रॅडिट्झ या परग्रहावरच्या शत्रूशी लढताना मरतो, तर परलोक हेच प्रशिक्षणाचे ठिकाण बनते. शेवटच्या पर्वापर्यंत डोक्यावर वलय घेऊन मेलेला माणूस एक दिवसाच्या सुट्टीवर पृथ्वीवर येऊ शकतो आणि फुटलेला सबंध ग्रह एका इच्छेने पूर्ववत होतो. विनोदी कथेत गोळे हे सुंदर साधन होते. शोकाच्या कथेत त्यांनी शोकच टिकू दिला नाही.

१९८८ च्या अखेरीस रॅडिट्झ येतो आणि डोळ्यावरच्या यंत्राने समोरच्याचे बळ आकड्यात वाचू लागतो. बंदूक घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा आकडा पाच असतो. तोरियामा यांच्यापुढची अडचण खरी होती. परग्रहावरून आलेला शत्रू किती भयंकर आहे हे एका चौकटीत दाखवायचे होते, आणि त्यासाठी आकड्याइतके स्वस्त साधन दुसरे नव्हते. सुरुवातीला त्यांनी त्याचा चतुर वापरही केला. पृथ्वीवरचे योद्धे आपले बळ दडवू आणि क्षणात वाढवू शकतात, म्हणून यंत्रावर विसंबणारा शत्रू फसतो. आकडा म्हणजे इथे गर्विष्ठांचे अज्ञान होते. पण गोकू नॅपा या पुढच्या शत्रूसमोर येतो तेव्हा आकडा आठ हजारांच्या वर जातो (इंग्रजी रूपांतरात तो नऊ हजार झाला आणि पुढे जगभर थट्टेचा विषय बनला), आणि नामेकवर फ्रीझा हा खलनायक आपले बळ पाच लाख तीस हजार असल्याचे स्वतः सांगतो, मग रूप बदलून दहा लाखांच्या पुढे जातो. एवढी उडी मारल्यावर युक्ती, अनुभव किंवा दोघातिघांची एकजूट यांना काही अर्थ राहत नाही. पुढे तोरियामा यांनी आकडे देणे सोडले. वाचकांना लागलेली मोजण्याची सवय मात्र सुटली नाही.

फ्रीझा पर्वाचा कळस, म्हणजे १९९१ मधले गोकूचे सूपर साइयन (त्याच्या साइयन या योद्ध्यांच्या वंशातले सर्वोच्च रूप) होणे, हा या साऱ्या मालिकेतला सर्वांत गाजलेला क्षण आहे आणि तो गाजण्याजोगाच आहे. कुरिरिनचा दुसरा मृत्यू, त्यानंतरची शांतता आणि पालटलेला चेहरा यांची मांडणी निर्दोष आहे. गंमत अशी की केस पांढरे सोडल्यामुळे ते काळे करण्यात जाणारा साहाय्यकाचा वेळ वाचेल, हाही त्यामागचा एक विचार होता. पण दंतकथेतला हजार वर्षांतून एकदा जन्मणारा योद्धा पुढच्याच पर्वात ट्रंक्स, गोकूचा प्रतिस्पर्धी व्हेजिटा आणि गोकूचा मुलगा गोहान यांच्या रूपाने चौपट झाला, आणि त्यानंतर दोन लहान मुलांना ते रूप खेळता खेळता साधले.

कृत्रिम मानव आणि सेल यांचे पर्व हे या कार्यपद्धतीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे, आणि त्यामागची हकीकत तोरियामा यांनीच सांगितलेली आहे. भविष्यातून आलेला ट्रंक्स दोन संहारक यंत्रमानवांची पूर्वसूचना देतो. ठरल्या दिवशी एक म्हातारा आणि एक लठ्ठ बाहुला असे क्रमांक २० आणि १९ अवतरतात. तोवर तोरिशिमा संपादक राहिले नव्हते, तरी त्यांनी फोन करून असल्या शत्रूंवर नापसंती दाखवली. त्यावर तोरियामा यांनी १७ आणि १८ हे तरुण भाऊ-बहीण आणले; ही तर पोरेटोरे आहेत, असा शेरा आला. मग सेल आला. तो नव्या संपादकांना, यू कोन्दो यांना, कुरूप वाटला, म्हणून त्याला रूप बदलण्याची गरज लावून देण्यात आली. दुसरे रूपही बावळट वाटल्यामुळे शेवटचे देखणे रूप लवकर गाठावे लागले. कथेत याच्या शिवणी उघड दिसतात. ट्रंक्सला पहिल्या दोघांना पाहून, मी सांगितले ते हे नव्हेतच, असे म्हणावे लागते, आणि आपल्या येण्याने इतिहास बदलला असावा असे स्पष्टीकरण द्यावे लागते. या कृत्रिम मानवांचा निर्माता डॉ. गेरो याचा सूड हा गोकूने बालपणी उद्ध्वस्त केलेल्या रेड रिबन सेनेपासून चालत आलेला होता, म्हणजे जुन्या भागाशी जोडणारा दुर्मीळ धागा होता. तो त्याच्याच निर्मितीच्या हातून डॉक्टर मरताच तुटतो. नंतर शत्रूचा हेतू आधी पूर्णत्व मिळवणे आणि मग स्पर्धा भरवणे असा सरकत जातो.

तरीही या पर्वाची टवाळी करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रानात सापडलेले दुसरे, शेवाळलेले कालयंत्र, त्यातले फुटलेले अंडे, जवळच पडलेली मोठी कात आणि माणसे नाहीशी होऊन केवळ कपडे उरलेले शहर ही प्रकरणे या मालिकेतला भयाचा उत्तम नमुना आहेत. लेखकालाच उत्तर नुकते सापडत असल्यामुळे वाचकाला ते आधी ओळखणे शक्यच नव्हते. काटेकोर आराखड्यातून हे घडले असते, असे मला वाटत नाही.

सेलला मारतो गोहान, आणि गोकू मेलेलाच राहणे पसंत करतो, कारण शत्रू आपल्यामुळेच पृथ्वीवर येतात असे त्याचे म्हणणे असते. वारसा सोपवण्याचा हा शेवट पूर्ण होता. पण ज्या मालिकेवर साप्ताहिकाचा खप, तोएई ॲनिमेशनची मालिका आणि खेळण्यांचा धंदा उभा होता, ती तिथे थांबणे सोपे नव्हते. सात वर्षांनंतरचा शाळकरी गोहान नायक म्हणून पुढे आला, मात्र तो त्या जागेला शोभत नाही असे तोरियामा यांना वाटू लागले आणि गोकू परतला. बू या शेवटच्या शत्रूच्या पर्वात गोहानला अफाट बळ दिले जाते, लगेच शत्रू त्याला गिळतो, आणि कित्येक वर्षे जमवलेली त्याची गोष्ट तिथेच विझते. मालिकेतला हा सर्वांत मोठा दोष आहे, असे माझे मत आहे. बळाच्या फुगवट्यापेक्षाही मोठा, कारण त्याला तांत्रिक अडचणीची सबब नाही. याच पर्वात हर्क्युल किंवा मिस्टर सेटन या बढाईखोर, बळहीन माणसाने बूशी केलेली मैत्री आणि शेवटी गोकूला बळ देण्यासाठी पृथ्वीवासीयांना हात वर करायला लावणे, हे आकड्यांच्या शर्यतीला दिलेले तोरियामा यांचे स्वतःचे मिश्कील उत्तर आहे.

मालिका ५१९ प्रकरणे आणि ४२ खंडांनंतर १९९५ च्या मे महिन्यात संपली. त्याच वर्षाच्या आरंभीच्या अंकाने ‘जंप’ने ६५ लाख ३० हजार प्रतींचा उच्चांक गाठला होता, पुढच्या काळात खप घसरत गेला आणि १९९७ मध्ये ‘शोनेन मॅगझिन’ या प्रतिस्पर्धी साप्ताहिकाने त्याला मागे टाकले. मालिका वेळेवर संपवू न देण्यामागची प्रकाशकांची भीती निराधार नव्हती.

संथपणाचा आरोप मात्र मूळ मांगावर करणे अन्यायाचे आहे. महाराष्ट्रातल्या ज्या पिढीने ही कथा कार्टून नेटवर्कवर ‘ड्रॅगन बॉल झेड’ म्हणून पाहिली, तिच्या आठवणीत पाच मिनिटांत फुटणार असलेला नामेक ग्रह भागामागून भाग फुटतच नाही. साप्ताहिक ॲनिमे, म्हणजे ॲनिमेटेड टीव्ही मालिका, मांगाच्या मागोमाग धावत असल्यामुळे तिला वेळ काढावा लागत होता. २००९ पासूनच्या ‘काई’ आवृत्तीत हे पाणी बरेच आटवले गेले. छापील पानांवर तोरियामा यांची लढाई वेगवान आणि कमालीची सुस्पष्ट आहे.

बळाच्या फुगवट्यावर दुसरा उपाय त्याच साप्ताहिकात उपलब्ध होता. हिरोहिको अराकी यांनी ‘जोजो’मध्ये १९८९ पासून प्रत्येकाला वेगळी, मर्यादित शक्ती देऊन सामना कोड्यासारखा सोडवायला लावला, आणि १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘हंटर × हंटर’मध्ये योशिहिरो तोगाशी यांनी शक्तीवर अटी आणि किंमत लादली. तोरियामा स्वतः त्या वाटेने गेले नाहीत. २०१५ पासूनच्या ‘ड्रॅगन बॉल सूपर’मध्ये देवांच्या पातळीचे बळ आले आणि केसांचे नवे रंग आले. त्यांनीच लिहिलेल्या २०२२ च्या ‘सूपर हीरो’ या चित्रपटात त्यांनी गोकू आणि व्हेजिटा यांना दूरच्या ग्रहावर ठेवून पृथ्वी गोहान आणि पिकोलो यांच्या हवाली केली, रेड रिबन सेनेचा तुटलेला धागा गेरोच्या नातवापर्यंत नेला, आणि तीस वर्षांपूर्वीचे देणे फेडण्याची वेळ आली तेव्हा शेवटच्या लढाईत गोहानला जिंकवण्यासाठी त्याला आणखी एक नवे रूप दिले.