बोल्ट बदलताना: आटे, लांबी आणि डोक्यावरचा आकडा

कृष्णेच्या पुरात बुडालेली गाडी पार खोलावी लागते. सीट, कार्पेट, पट्टे, डॅशबोर्ड, चारही चाकांचे ब्रेक, कधी गिअरबॉक्ससुद्धा उतरवायचा, धुवायचा, वाळवायचा आणि परत चढवायचा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीच्या गॅरेजांना हे काम नवं राहिलेलं नाही. गोची होते ती जोडताना. काही बोल्ट गंजून तुटलेले असतात, काहींचं डोकं पान्याखाली गोल झालेलं असतं, काही गाळाबरोबर गेलेले असतात. मग पोरगा एक जुना बोल्ट खिशात टाकून हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि ‘सेम’ घेऊन येतो. दिसायला सेम असलेला बोल्ट आट्यांत, ताकदीत किंवा लांबीत वेगळा निघू शकतो. गाडी मात्र तरीही चालू होते, म्हणून चूक लगेच कळत नाही.

पहिला घोळ मागण्यातच होतो. गॅरेजमध्ये बोल्ट पान्याच्या नावाने ओळखला जातो. ‘दहाचा’ म्हणजे दहाच्या पान्याने फिरणारा, म्हणजे खरं तर ६ मिमी जाडीचा. दुकानदार ‘दहाचा’ ऐकून १० मिमी जाडीचा देतो. शिवाय जपानी घराण्याच्या गाड्यांत, म्हणजे मारुती, टोयोटा, होंडा, ८ मिमीच्या बोल्टला १२ चा पाना लागतो आणि १० मिमीच्या बोल्टला १४ चा. हार्डवेअरच्या दुकानातल्या ८ मिमीच्या बोल्टला मात्र १३ चा आणि १० मिमीच्या बोल्टला १७ किंवा १६ चा लागतो. जुन्या गाडीत एखाद्याच बोल्टला १३ चा पाना बसत असेल, तर तो कुणीतरी नंतर टाकलाय असं समजायला हरकत नाही.

म्हणून जाडी व्हर्नियरने आट्यांवरच मोजावी. ८ मिमीचा बोल्ट ७.८ ते ७.९ भरतो, १० मिमीचा साधारण ९.८. त्यानंतर पिच, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर. पिच गेज नसेल तर दहा आट्यांची लांबी मोजायची. १२.५ मिमी भरली तर पिच १.२५, १५ भरली तर १.५. खरी फसगत १० मिमीच्या बोल्टात होते. दुकानात सर्रास मिळतो तो १.५ पिचचा, आणि जपानी घराण्याच्या गाड्यांत बहुतेक जागी असतो १.२५ चा. चुकीचा बोल्ट बोटांनी दोन-तीन फेरे जातो, मग घट्ट होतो. ‘गंज असेल’ म्हणून गोटी (सॉकेट पाना) लावून फिरवला की तो ॲल्युमिनियमच्या भोकातले आटे खरवडत आत शिरतो. बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी गेला पाहिजे. त्याला अपवाद दोनच: नायलॉन रिंगचा नट आणि आट्यांवर आधीच लॉकिंगचा लेप असलेला बोल्ट.

सुतातली मापंही घात करतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुती म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. व्हर्नियरवर तो ८ मिमीचाच वाटतो, पण जाड आट्यांच्या अडीच सुतीत इंचाला १८ आटे असतात, म्हणजे पिच १.४१. महिंद्राच्या जुन्या जीपगाड्यांत इंची आटे भरपूर सापडतात, तिथे मिलिमीटरचा बोल्ट कोंबू नये. उलट, इंची आट्यांचा एक बोल्ट मात्र पूर्ण मिलिमीटरच्या गाडीतही हमखास भेटतो, तो म्हणजे सीट बेल्टचा. बऱ्याच गाड्यांत तो ७/१६ इंची, इंचाला २० बारीक आट्यांचा असतो. पिच १.२७ येतं, १.२५ च्या इतकं जवळ की गेजवरही चटकन फरक कळत नाही, आणि जाडी ११.१ मिमी. पूरग्रस्त गाडीत सगळे पट्टे निघतात, म्हणून हा बोल्ट इथेच हरवतो. मग कुणीतरी भोकात १२ मिमीचा टॅप (आटे कापायचं हत्यार) मारून मोकळा होतो. असं कधीच करू नये. या जागेला कंपनीचा मूळ बोल्टच हवा, तो किमतीने फार जड नसतो.

आता डोक्यावरचा आकडा. ८.८ मधला पहिला ८ सांगतो की दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण पडला की बोल्ट तुटेल. दुसरा ८ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० वर, तो कायमचा लांबायला लागेल. १०.९ म्हणजे १००० आणि ९००, १२.९ म्हणजे १२०० आणि १०८०. साधा एमएस (माइल्ड स्टील) बोल्ट ४.६ किंवा ४.८ चा, डोकं बहुधा कोरंच. ४.६ चा बोल्ट २४० ला लांबतो, म्हणजे ८.८ च्या जागी तो टाकला तर ताकद जेमतेम ३७ टक्के उरते. हायटेन्शन, म्हणजे ८.८ आणि त्यापुढच्या, बोल्टवर आकड्याशेजारी बनवणाऱ्याचं चिन्ह असतं. आकडा आहे पण चिन्ह नाही, असा बोल्ट परत करावा.

मग सगळीकडे १२.९ चेच ॲलन (डोक्यात षटकोनी खाच असलेले) बोल्ट टाकले तर? हा मोह बऱ्याच जणांना होतो, पण त्यातून काहीच साधत नाही. बोल्ट पार्टना धरून ठेवतो तो स्वतः ताणला जाऊन. १० मिमीचा ८.८ बोल्ट ५० न्यूटन-मीटरला आवळला की दोन पार्टवर साधारण अडीच टनांची पकड बसते. तेवढ्यासाठी ५० मिमी जाडीचे पार्ट धरणारा बोल्ट किती लांबतो? फक्त ०.१ मिमी. त्याच टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या तितक्याच पिळाला, आवळलेला १२.९ चा बोल्टही तितकाच लांबतो आणि तितकीच पकड देतो, कारण पोलादाचा ताठरपणा ग्रेडने बदलत नाही. जास्त पकडीसाठी जास्त आवळला, तर ॲल्युमिनियमचे आटे आधी हार मानतात.

त्या ०.१ मिमीकडे नीट बघायला हवं. बोल्टच्या डोक्याखाली ऑइलपेंटचा थर, गाळाची पुटी किंवा गंजाची खपली ०.०५ मिमीची असली आणि चार दिवसांत ती चेपली, तर निम्मी पकड गेली. पान्याला हात न लावता बोल्ट ढिला झाला. म्हणून पार्ट रंगवून चकचकीत करायचा असेल तर डोकं आणि वायसर बसतात तेवढी जागा कोरी सोडावी. पकड कमी झाली की दोन पार्ट एकमेकांवर आडवे सरकू लागतात, आणि ही आडवी हालचालच नटाला उलटं फिरवते. जर्मन अभियंता युंकर याने १९६९ मध्ये यंत्रावर हे दाखवून दिलं. स्प्रिंग वायसर पूर्ण पकडीच्या किरकोळ हिश्श्यातच सपाट होतो, मग तो साधा वायसर उरतो. त्यापेक्षा योग्य टॉर्क आणि निळं थ्रेड-लॉक (आटे चिकटवणारा द्रव) बरं. नायलॉनचा नट सायलेन्सर किंवा ब्रेकजवळ नको, साधारण १२० अंशांना नायलॉन नरम पडतं आणि खंबाटकी घाट उतरताना ब्रेकचं तापमान त्यापुढे सहज जातं.

लांबीचं गणित सोपं आहे. पोलादात बोल्ट जाडीइतका आत जायला हवा, ॲल्युमिनियममध्ये दीड ते दोनपट. ८ मिमीचा बोल्ट गिअरबॉक्सच्या केसिंगमध्ये १२ ते १६ मिमी गेला पाहिजे. जास्त लांब बोल्टचा धोका बंद भोकात असतो. तळाशी टेकला की टॉर्क रेंच ‘कट्’ करतो आणि पार्ट मात्र मोकळाच राहतो. पुराच्या गाडीत तर तळाशी पाणी, तेल आणि गाळ साचलेला असतो. त्यावर बोल्ट आवळला की द्रव दबून केसिंगला तडा जाऊ शकतो. आधी तार घालून खोली मोजावी, हवा मारावी, आणि आटे साफ करायला टॅपऐवजी जुन्या बोल्टला उभी खाच पाडून तोच वापरावा. टॅप धातू कापतो, हा फक्त गाळ काढतो.

सस्पेन्शनच्या बोल्टमध्ये आट्यांशिवायचा गुळगुळीत भागही मोजायचा. दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर सरकू पाहतात तिथे तो भाग यायला हवा. अर्धा-आट्याचा बोल्ट मिळाला नाही म्हणून पूर्ण-आट्याचा घातला, तर आटे बुशच्या नळीला कानशीसारखे घासतात आणि बोल्ट आट्याच्या मुळातून तुटतो.

स्टेनलेसच्या बोल्टचं आकर्षण गंजाला कंटाळलेल्यांना असतंच. नेहमी मिळणारा ए२-७० तुटतो ७०० ला आणि लांबायला लागतो ४५० ला, म्हणजे ८.८ पेक्षा कमजोर. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट जाम होऊन बसतो. नंबरप्लेट, मडगार्ड, ठीक आहे. ब्रेकला नाही.

जुने बोल्ट ॲसिडमध्ये बुडवून चकाचक करण्याची पद्धत फार घातक आहे. ॲसिड लोखंडाशी भिडलं की हायड्रोजन सुटतो आणि त्यातला काही पोलादात शिरतो. ८.८ ला सहसा काही होत नाही. कडक १०.९ आणि त्याहून जास्त १२.९ मात्र ठिसूळ होतात. बोल्ट आवळताना काही वाटत नाही, गाडी उभी असताना काही तासांनी किंवा दोन दिवसांनी डोकं आपोआप उडतं. प्लेटिंगवाल्याकडून झिंक चढवतानाही हेच घडतं, म्हणून कारखान्यात अशा मालाला प्लेटिंगनंतर लगेच साधारण २०० अंशांवर काही तास भाजतात. ही सोय नसेल तर १०.९ आणि त्यावरचा बोल्ट वायर ब्रशने आणि डिझेलने साफ करावा, किंवा नवा घ्यावा.

तेलाचीही गंमत आहे. आवळताना लावलेल्या जोरातला साधारण निम्मा डोक्याखाली घासण्यात जातो, ४० टक्के आट्यांत, आणि ताणायला जेमतेम १० टक्के उरतो. आट्यांना तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कला पकड सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकते. मॅन्युअलमध्ये कोरडा लिहिलं असेल तर कोरडाच, तेल लावून लिहिलं असेल तर तेल लावूनच.

इंजिनचं हेड, कनेक्टिंग रॉड, मेन बेअरिंग, फ्लायव्हील, कॅलिपर आणि स्टीअरिंगचे बोल्ट पार्ट नंबर सांगूनच आणावेत. यातले अनेक हेड बोल्ट ‘अमुक न्यूटन-मीटर, मग ९० अंश’ अशा पद्धतीने कायमचे लांबेपर्यंत आवळलेले असतात. नव्या बोल्टशेजारी उभा करून मोजला की जुना लांब भरतो, आट्यांजवळ बारीकही झालेला दिसतो. तो परत वापरू नये.

आवळून झालं की डोक्यावरून पार्टवर पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढावी आणि १०० किमीनंतर बघावी. रेघ मोडली असेल तर नुसता पुन्हा आवळून गाडी सोडू नये. बोल्ट काढून त्याची लांबी, आटे आणि खालची जागा तपासावी.